दहा मिलिमीटरचा रुबाब



गेल्या महिन्यात या सदरात साखळीच्या देखभालीबद्दल लिहिलं होतं. त्यावर शहापूरच्या एका वाचकांचा निरोप आला. "माझ्याकडे अ‍ॅव्हेंजर २२० आहे. मागचा टायर संपत आलाय. १३०च्या जागी १४०चा बसतो म्हणतात. घालू का? गाडी जरा भरदार दिसेल."

उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय आणि तो अजून मनात टोचतो. म्हणून या वेळचं सदर त्याच्यावरच.

माझीही गाडी अ‍ॅव्हेंजर २२०च, क्रूझ, २०१७ साली घेतलेली. नोकरी लागल्यावर पैसे साठवून स्वतःच्या जिवावर घेतलेली पहिली मोठी वस्तू. लांबुडकी, ठेंगणी, मागे टेकायला पाठ असलेली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही गाडी आवडण्याचं कारण ती पाठच. गुडघे दुखायला लागल्यापासून ते दुसऱ्या कुठल्या दुचाकीवर बसायला तयार नसत. हिच्यावर मात्र आरामखुर्चीत बसल्यासारखे बसायचे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मागचा टायर गुळगुळीत झाला. तिसऱ्या रेल्वे गेटाकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने जुना टायर काढता काढता सहज म्हटलं, "साहेब, ह्याला १४० बसतो. मागनं बघा कसा दिसतोय ते." माझ्या मनात ते आधीपासून होतंच. रात्री जागून किती व्हिडिओ पाहिले होते! क्रूझर म्हणजे मागचं चाक जाड, हे डोक्यात पक्कं बसलेलं. "घाला," म्हटलं.

आता हे आकडे काय असतात ते आधी बघूया. माझ्या गाडीचा मूळ टायर १३०/९०-१५. यातले १३० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ९० टक्के. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढे ६६पी असं काही लिहिलेलं असतं. ६६ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ ३०० किलो. पी हे वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत.

गोम त्या मधल्या ९० मध्ये आहे. तो आकडा टक्केवारीचा आहे, त्यामुळे रुंदी वाढली की उंचीही वाढते. १३०/९० ची भिंत ११७ मिलिमीटर, १४०/९० ची १२६. रिमसकट हिशेब केला तर चाकाचा व्यास ६१५ वरून ६३३ वर जातो. म्हणजे आपण पैसे मोजतो रुंदीचे आणि घरी उंचीही घेऊन येतो. चाक जवळजवळ तीन टक्क्यांनी मोठं झालं, की प्रत्येक गिअर तीन टक्क्यांनी लांब होतो. गाडी उचलायला थोडी आळशी होते. स्पीडोमीटर मागच्या चाकावरून चालत असेल तर काटा ६० दाखवतो तेव्हा आपण जवळपास ६२ ने जात असतो. पुढच्या चाकावरून चालत असेल तर काट्यात फरक नाही.

हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. बी.ई. झालेल्या मला ते त्या दिवशी करावंसं वाटलं नाही, हाच खरा मुद्दा.

टायर बसला. दुकानदाराने गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक फिरवून दाखवलं. गरागरा फिरलं, कुठेही घासलं नाही. मी टिळकवाडीतून उगाच दोन फेऱ्या मारून घरी आलो. बायको म्हणाली, "टायर बदलायला गेला होतात ना? मग बदलला का नाही?" लेकीला मात्र लगेच कळलं. "पप्पा, गाडी जाड झाली!"

आप्पा चप्पल घालून बाहेर आले. आप्पांनी ३४ वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम केलं. दहावी नापास, पण हाताखाली तयार झालेल्या पोरांना ते 'सर' होते. ते गाडीमागे उकिडवे बसले. टायर आणि चेनगार्ड यांच्यामध्ये बोट घालून बघितलं. बोट काही जाईना. मग खिशातलं बसचं तिकीट घडी करून घातलं.

"मोकळं फिरतंय," ते म्हणाले. "पण भार पडल्यावर काय?"

"आप्पा, सगळे हाच घालतात. दुकानदार रोजचं काम करतो ते."

"बरं," म्हणाले आणि आत गेले.

मंडळी, मी ज्या धंद्यात आहे तिथे एक जुना विनोद आहे. प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडला, की लिहिणारा म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतोय!" रिकाम्या मशीनवर सगळंच चालतं. म्हणून आम्ही काहीही बाहेर सोडण्याआधी त्याच्यावर मुद्दाम भार टाकून बघतो, त्याला लोड टेस्ट म्हणतो. ऑफिसात हे रोज करणारा मी, स्टँडवरचं रिकामं चाक फिरलं म्हणून खूश झालो होतो. आप्पांनी लोड टेस्टच विचारली होती, फक्त मराठीत.

भाऊबीजेला आप्पा दरवर्षी आत्याकडे जातात. आत्या गोव्यात साखळीला असते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि खाली साखळी, ७०-७५ किलोमीटरचा रस्ता. दरवर्षीप्रमाणे त्या वर्षीही आम्ही दोघं गाडीवरून निघालो. डिकीच्या पिशवीत कुंद्याचा डबा, आप्पांच्या डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली कानटोपी.

जांबोटीपर्यंत मी हवेतच होतो. सरळ रस्त्यावर गाडी रेल्वेसारखी चालत होती. कणकुंबीला माउलीच्या देवळात पाया पडलो. मलप्रभेचा उगम तिथलाच, आप्पा तिथे हात जोडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तिथपर्यंत तक्रार नव्हती.

घाट सुरू झाल्यावर पहिल्या दोन वळणांतच काहीतरी निराळं वाटलं. दुचाकी वळते ती झुकून. डाव्या वळणाला आपण डावी मूठ नकळत पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे झुकते. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या हातांना नेमकं किती ढकलायचं ते पाठ झालं होतं. आता तेवढं ढकलूनही गाडी तेवढी झुकत नव्हती. जास्त जोर लावावा लागत होता.

यामागचं कारण नंतर नीट समजून घेतलं. रुंद टायर झुकला, की जमिनीला टेकणारा त्याचा भाग मध्यापासून वळणाच्या आतल्या बाजूला जास्त सरकतो. म्हणून त्याच वेगाने तेच वळण घ्यायला गाडी अरुंद टायरपेक्षा जास्त झुकवावी लागते. शिवाय चाक जड झालेलं असतं, तेही लवकर कलत नाही. पुढचं चाक मात्र होतं तसंच, ९०/९०-१७. म्हणजे पुढचं चाक म्हणतं वळूया आणि मागचं म्हणतं थांब जरा.

चोर्ल्याच्या पुढे उतारावर एक डावं वळण आहे, आत जाता जाता आणखी आवळत जाणारं. मी नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या अंदाजाने आत शिरलो. गाडी झुकली नाही तेवढी. मधली रेघ चाकाखाली आली आणि समोरून वर चढणारा टेम्पो दिसला. त्याने हॉर्न दिला नाही, द्यायला वेळच नव्हता. त्याने आपली बाजू रस्त्याच्या कडेला दाबली, मी मूठ जिवाच्या आकांताने ढकलली आणि आम्ही एकमेकांना चुकलो. किती अंतराने? टेम्पोच्या ताडपत्रीची दोरी माझ्या कोपराला लागली, एवढ्या.

मागून आप्पांचा आवाज नाही. फक्त माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो घट्ट झाला होता.

पुढे रुंद जागा बघून थांबलो. माझे पाय कापत होते. आप्पा उतरले, हेल्मेट काढलं आणि मला काहीही न बोलता गाडीमागे उकिडवे बसले. जळक्या रबराचा वास मलाही आला. टायरच्या डाव्या कडेवर, साखळीच्या बाजूला, गोल चकचकीत पट्टा पडला होता. चेनगार्डच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी.

"इकडं ये," आप्पा म्हणाले. "ह्या खुणा बघ."

मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत पुढेमागे सरकतो, तिच्या दोन्ही बाजूंना रेघांच्या खुणा असतात. दोन्हीकडे अ‍ॅक्सल एकाच रेघेवर असेल तर चाक सरळ. माझ्या गाडीत एका बाजूला एक रेघ जास्त होती. मोठ्या टायरला जागा करण्यासाठी दुकानात चाक मागे ओढलं होतं आणि घाईत एक बाजू जास्त ओढली गेली होती. चाक किंचित तिरकं बसलं होतं. त्यातून चाक मागे गेल्यामुळे साखळीही ताणलेली. दोन माणसं बसली की मागचा भाग दबतो आणि साखळी आणखी ताणते, हे मी गेल्या महिन्यात तुम्हालाच लिहिलं होतं.

रिकाम्या गाडीत टायर आणि चेनगार्ड यांच्यात तिकिटाच्या घडीएवढी फट होती. आरी असलेलं चाक, दोन माणसांचं वजन, वळणाचा जोर, खड्डे, आणि चाक मुळातच तिरकं. ती फट कुठे टिकणार?

"मी त्या दिवशी नीट बोलायला पाहिजे होतं," आप्पा म्हणाले.

मला वाटलं होतं, ते रागावतील. ते स्वतःलाच दोष देत होते. यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साखळीला वीसच्या वेगाने पोचलो. भाऊबीज झाली. आत्याला आम्ही कोणीच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना आप्पा म्हणाले, "मी बसनं जातो. गाडीवरचा भार कमी होईल. तू सावकाश ये." मी तिथल्या गॅरेजमधून चाक सरळ करून घेतलं, साखळी सैल केली आणि बेळगावच्या बसच्या मागोमाग घाट चढलो. मागच्या काचेतून आप्पांची कानटोपी दिसत होती. वळणा-वळणावर ते मान वळवून मी येतोय का बघत होते.

त्या आठवड्यातच १४० काढून पुन्हा १३०/९० घातला. रुबाब पुरता दीडशे किलोमीटरही टिकला नाही. आप्पांनी तो टायर रिमवर असतानाच बाहेरच्या कॅलिपरने मापला आणि कॅलिपर पट्टीवर धरला. १३६ भरले. मी चक्रावलो. आप्पांना त्याचं नवल वाटलं नाही. टायरवर छापलेली रुंदी ही त्याच्यासाठी ठरवलेल्या रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. अरुंद रिमवर चढवला, की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात, टायर चिमटतो आणि माथा जास्त गोल होतो. साधारण अंदाज असा, की रिम अर्धा इंच अरुंद तर टायर पाचेक मिलिमीटर कमी भरतो. म्हणजे दहा मिलिमीटरसाठी पैसे दिले आणि पदरात पडले सहा.

आणि पकडीचं काय? "रुंद टायर, जास्त पकड" हे आपण सगळेच मानतो. टायर जमिनीला किती टेकणार हे मुख्यतः त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारी जागाही साधारण तेवढीच. फक्त तिचा आकार बदलतो, लांब-अरुंदऐवजी आखूड-रुंद. खरी पकड रबराच्या दर्जात, नक्षीत, ताजेपणात आणि योग्य हवेत असते. ओल्या रस्त्यावर तर रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात आणि आपल्याकडे चार महिने रस्ता ओलाच असतो.

तर शहापूरकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मूळ मापाचाच घाला, पण चांगला घाला. पैसे रुंदीवर न घालता दर्जावर घाला. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ३५२३ असेल तर तो २०२३च्या ३५व्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर नवा दिसला तरी रबर म्हातारं झालेलं असतं. आरीचं चाक असेल तर ट्यूबही त्याच मापाची आणि नवी घ्या.

तरीही कोणाला माप बदलायचंच असेल, तर आधी गाडीच्या पुस्तिकेत पर्यायी माप दिलंय का बघा. मग टायर कंपनीच्या तक्त्यात तो टायर किती रुंदीच्या रिमसाठी आहे ते बघा आणि आपली रिम त्यात बसते का ते ताडा. ते जुळत नसेल तर विषय तिथेच संपला. जुळलं, तर बसवल्यावर गाडी स्टँडवरून खाली घ्या, दोन माणसं बसवा आणि मग फट बघा: चेनगार्ड, स्विंगआर्म, मडगार्ड आणि ब्रेकचा दांडा, चारही ठिकाणी. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा. साखळीचा खेळ वजन टाकून तपासा. नवा टायर कुठल्याही मापाचा असो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीतच असतो, तेव्हा वळणं हळू घ्या. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, हेही लक्षात असू द्या. अपघातानंतर विमा मागायला गेल्यावर आपल्या हौसेचा हिशेब द्यावा लागू नये.

एवढं सगळं लिहिलं, पण मला त्यातून कळलेली गोष्ट टायरपेक्षा वेगळी आहे. मी दुकानदाराला विचारलं, मित्रांना विचारलं, व्हिडिओतल्या अनोळखी माणसांना विचारलं. ज्या माणसाने ३४ वर्षं दोन वस्तूंमधली फट मोजण्यात घालवली, तो घरात बसला होता. त्याने न विचारता सांगितलंसुद्धा. पण तो माझे वडील होता, म्हणून मी ते ऐकलं नाही.

त्या भाऊबीजेनंतर आप्पा गाडीवर बसले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगतात. पुढची दोन्ही वर्षं बसने गेले. मी कधी आग्रह केला नाही, तोंडच नव्हतं.

आता खंडेनवमी जवळ आली. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर आप्पांची हत्यारं मांडतात: व्हर्नियर, मायक्रोमीटर, तो बाहेरचा कॅलिपर. शेजारी माझा लॅपटॉप, आणि दारात गाडी. गेल्या रविवारी मी गाडी धूत होतो. आप्पा बाहेर आले. मी फडकं खाली ठेवलं आणि म्हटलं, "आप्पा, जरा बघता का सगळं? फट, खुणा, साखळी."

मला मागे बसायला सांगून त्यांनी गाडीवर भार टाकला. उकिडवं बसणं आता जमत नाही, म्हणून लेकीने स्टूल आणून दिलं. अर्धा तास सगळं तपासलं. दोन्ही बाजूंच्या रेघा मोजल्या. साखळी बोटाने वरखाली करून बघितली. मग हात पुसत उठले.

"ठीक आहे," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "औंदा भाऊबीज कधी आहे रे? बघून ठेव की. बसला फार गर्दी असते."

पुढच्या महिन्यात ब्रेकबद्दल लिहीन. तोवर सावकाश चालवा.